विमानात घाट नाय

माणसांना गाडी लागते, आमच्या दादाला घाट लागतो. सपाट रस्त्यावर त्याला पनवेलपर्यंत न्या, वाटेत दोन वडापाव खाईल आणि शेजाऱ्याच्या डब्यातही डोकावेल. पण रस्त्याने जरा अंग मुरडलं की दादाचा चेहरा आधी पिवळा, मग हिरवा होतो, आणि तिसऱ्या वळणाला जे व्हायचं ते खिडकीतून बाहेर होतं. असा माणूस राहतो कुठे, तर पोलादपूर तालुक्यात, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी. जन्माला घालताना कोणी जागा विचारत नाही, त्याला तो तरी काय करणार.

आम्ही तीन भावंडं. थोरली ताई, मधला दादा, धाकटी मी. मला महाडात दिलं. तिथल्या हायस्कुलात मी तीस वर्षं भूगोल शिकवला, म्हणजे सह्याद्री फळ्यावर तपकिरी खडूने काढला आणि तास संपल्यावर पुसला. ताईला दिलं घाटावर, वाईजवळच्या एका गावात. दादाच्या दारापासून ताईचं दार जेमतेम पाऊणशे किलोमीटर. पण मधे आंबेनळी चढायचा आणि पलीकडे पसरणी उतरायचा. ताईच्या लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, तरी तिचा उंबरठा दादाने पाहिलेला नव्हता.

"मग रेल्वेने जा ना," असं सांगणारे शहाणे गावोगाव असतात. तेही करून झालं होतं. तरुणपणी एकदा कर्जतहून लोणावळ्यापर्यंत दादा रेल्वेने गेला. बोगद्यातून गाडी बाहेर आली, डाव्या हाताला दरी दिसली, आणि पुढचं इतकं झालं की तिकीट तपासनीसच डब्याडब्यांतून लिंबू मागत फिरला. दादा लोणावळ्याला उतरला, तिथूनच परत फिरला.

भाऊबीजेला भावाने बहिणीकडे जायचं असतं. दादा दर वर्षी माझ्याकडे यायचा, दुपार कलल्यावर, कडू काढा प्यायल्यासारखं तोंड करून. माझी चकली बाजूला सारायचा, अनारशाकडे तर बघायचाही नाही. "थोडा ताकभात दे गो," एवढंच. माझ्या हाताला चव नाही हे तो इतक्या वर्षांत तोंडावर बोलला नाही हाच त्याचा चांगुलपणा, असं मी समजून चालले होते. ताईकडे मात्र त्याची पिशवी जायची. साडी आणि नव्या भाताचे पोहे, वाईच्या गाडीच्या कंडक्टरकडे दिलेले. आमच्याकडची ही जुनी रीत आहे. औषध, चष्मा, शिकायला राहिलेल्या मुलीचा डबा, काहीही कंडक्टरच्या हातात द्यायचं, पुढच्या स्टँडवर कोणीतरी घ्यायला उभं असतं. ताई पिशवी घ्यायला जायची आणि घरी आल्यावर मला फोन करून दर वर्षी तेच म्हणायची, "पार्सल आलं. भाऊ न्हाई आला."

बारा वर्षांपूर्वी ताईचे यजमान गेले. मी गेले होते, दादा आला नाही. तेराव्यापर्यंत ताई येणाऱ्याजाणाऱ्याच्या खांद्यावरून दाराकडे बघत होती. नंतर तिने माहेरी येणंच सोडलं. भांडली असती तर बरं झालं असतं, कारण भांडण मिटवता येतं.

या माघात तिच्या लेकीचं, प्राजूचं, लग्न ठरलं. प्राजूने मला फोन केला तेव्हा दादा आमच्याकडेच बसला होता. मी फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"मामा," प्राजू म्हणाली, "आमच्याकडे माईकवरून ओरडतात, मुलीचे मामा, मुलीला घेऊन या. तेव्हा मी एकटीच चालत येऊ का? आई म्हणते, त्याला विचारूच नको. मी तरी विचारतेय."

दादाने फोन तोंडाजवळ ओढला. मग म्हणाला, "बाय, मी काय करू गो? माजं पोट माजं ऐकत नाय."

दुसऱ्या दिवशी त्या पोरीने माझ्या मोबाईलवर एक पान पाठवलं. दोन लहान विमानतळ, त्यांच्यातलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ. एक विमानतळ दक्षिण कोकणात, दुसरा घाटावर. नावं देत नाही. लहान विमानतळांवरची विमानं सुरू होतात आणि बंद पडतात, माझं वाचून कोणी पिशव्या घेऊन निघालं तर मला शिव्या नकोत. पानावर लिहिलं होतं: अंतर एकशे आठ किलोमीटर, उड्डाणाचा वेळ पस्तीस मिनिटं. खाली, कोणाला हौस असेल तर म्हणून, पायी लागणारा वेळही दिला होता.

मी ते दादाला वाचून दाखवलं. त्याने दोनदा वाचायला लावलं.

"विमानात घाट नाय," तो म्हणाला.

"नाही," मी म्हणाले. भूगोलाची बाई म्हणून मी या विधानाला मान्यता दिली.

"पस्तीस मिन्टं. तेवढा तर मी श्वास धरून बसंन."

आमच्या ह्यांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. वीर स्टेशनवरून रेल्वेने तीनशे किलोमीटर दक्षिणेला जायचं, मग एकशे आठ किलोमीटर उडायचं, मग घाटावरच्या सरळ हायवेने परत दीडशेच्या वर उत्तरेला यायचं. पाऊणशे किलोमीटरच्या प्रवासाला पावणेसहाशे किलोमीटर आणि दोन दिवस. "चंद्रावर जाणारे सुद्धा एवढा वळसा घालत नाहीत," हे म्हणाले. त्यांना घरीच ठेवलं.

वीर ते दक्षिण कोकण

दादा स्टेशनवर आला तो नव्या शर्टात, घडीच्या रेघांसकट. बरोबर तांदळाची दहा किलोची पिशवी, प्राजूची साडी, रिकाम्या प्लास्टिकच्या पिशव्यांची एक गुंडाळी आणि दहा लिंबं. वहिनी आली नव्हती. त्यांची म्हैस महिनाअखेरीला व्यायची होती, आणि म्हशीजवळ घरचं माणूस लागतं. "मी परत येईस्तो थांब म्हनून सांगितलंय," दादा म्हणाला. वहिनीला की म्हशीला, ते मी विचारलं नाही.

रेल्वेला वळणं नसतात असं नाही, पण ती इतकी लांब आणि सावकाश असतात की पोटाला कळत नाही. बोगद्यामागून बोगदे गेले. दादा एकेक मोजत होता आणि बोगदा संपला की माझ्याकडे विजयी नजरेने बघत होता. चिपळूणला त्याने वडे खाल्ले, रत्नागिरीला भजी, आणि पुढे मला नाव न वाचता आलेल्या एका स्टेशनवर उकडलेल्या शेंगा. घाट नसला की आमचा भाऊ कसला मजेशीर माणूस आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळत होतं. तो माणसांच्या नकला करतो. आमच्या वडिलांचं शिंकणं त्याने इतकं हुबेहूब करून दाखवलं की समोरच्या बाकावरच्या बाई "देव बरं करो" म्हणाल्या.

मुक्काम विमानतळाजवळच्या एका खाणावळीत. जेवणात बांगडा, भात, सोलकढी. भाताचं सुख वाटलं, आपल्यासारखाच डोंगर करून वाढला होता. फक्त कालवण पाहून दादा म्हणाला, "आपन वाटपात नारल घालतो. ह्ये नारलात वाटप घालतात." खाणावळीच्या मालकीणबाईंनी कुठे निघालात म्हणून चौकशी केली. मी सगळा मार्ग सांगितला. त्या हातातली पळी तशीच धरून उभ्या राहिल्या.

"महाडसून वाईक जाऊक हय इलास?" त्यांनी विचारलं, आणि आतल्या खोलीत जाऊन जाऊबाईंना बोलावून आणलं. मग आम्ही तोच मार्ग जाऊबाईंनाही सांगितला.

पस्तीस मिनिटं

विमानतळ आमच्या पोलादपूरच्या बसस्टँडपेक्षा मोठा आणि त्याहून खूप रिकामा होता. फरशी एवढी चकचकीत की दादाने चपला काढून हातात घेतल्या. तपासणीच्या ठिकाणी त्याच्या खिशातून सुपारी कातरायचा अडकित्ता निघाला.

"हे हत्यार आहे," तिथला शिपाई म्हणाला.

"ह्यानं आजवर फकस्त सुपारी मेलीय," दादा म्हणाला.

शिपाई भला माणूस होता. अडकित्ता तांदळाच्या पिशवीत टाकून सामानात द्यायला लावला. मग त्याला लिंबं सापडली.

"दहा लिंबं कशाला?"

"जायला पाच, यायला पाच."

विमान पाहून माझाच धीर सुटला. मी मनात धरलं होतं ते जाहिरातीतलं विमान, हे म्हणजे पंख लावलेली शाळेची बस. एकोणीस खुर्च्या आणि आम्ही अकरा जण. आत शिरताना वाकावं लागलं. हवाईसुंदरी नव्हती. वैमानिकाच्या जोडीचा माणूसच मागे वळून पट्टे कसे लावायचे ते सांगत होता, आणि सांगून झाल्यावर त्याने दोघा जाडजूड माणसांना पुढून उठवून मागे बसवलं, वजन सारखं व्हावं म्हणून. दादाला हे लगेच पटलं. आमच्याकडच्या प्रवासी जीपमध्येही असंच करतात, फक्त तिथे उठवलेला माणूस टपावर जातो.

समोरच्या खुर्चीच्या खिशात एक कागदी पिशवी होती. मी तिचा उपयोग सांगितला. दादाने ती उलटसुलट पाहिली, आत हात घालून जाडी तपासली.

"म्हंजे ह्यांनी आदीच ठेवलीय?" तो म्हणाला. "कोनी मागितली नसताना? समजूतदार मानसं हायत गो." आणि पिशवी घडी करून खिशात टाकली, घरी न्यायला.

विमान उडालं. दादाने डोळे मिटले, नाक धरलं. मी खिडकीतून बघत होते. खाली भातखाचरं, मग जंगल, मग एकदम तो उभा राहिला. तीस वर्षं मी ज्याला फळ्यावर सुरवंटासारखा काढत आले तो सह्याद्री माझ्या खालून चालला होता, आणि त्याच्यावर तपकिरी रंगाचा एक ठिपका सुद्धा नव्हता. निळा होता, कुठे जांभळा. कड्याच्या कडेने एक रस्ता वळवळत वर चढत होता. मला माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांची माफी मागावीशी वाटली.

"दादा, घाट बघ. खाली आहे."

त्याने एक डोळा उघडला आणि बराच वेळ बघितलं. "लहान हाय की," तो म्हणाला. आवाजात राग होता. "एवढासाच हाय?"

पस्तीसची अडतीस मिनिटं झाली. दादाला काहीही झालं नाही. लिंबू सुद्धा कापलं नाही. उतरल्यावर तो विमानाच्या शिडीशी उभा राहून सगळ्या प्रवाशांना सांगत होता, "मला कायच झालं नाय." लोकांनी अभिनंदन केलं.

ताईच्या घरी पोचेपर्यंत मलाही कळलं नाही की हेच आमच्या अंगाशी येणार आहे.

ताईचं घर

ताई दारात आली. भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाय धुवायला पाणी दिलं. सगळं रीतीप्रमाणे केलं आणि रीतीबाहेर एक शब्द बोलली नाही. दादाने उंबरठा ओलांडताना जरा थांबून त्याला हात लावला. ताईने ते पाहिलं आणि आत निघून गेली.

जेवायला बसलो. घाटावर जेवणाची सुरुवात भाकरीने, भात शेवटी, ओंजळभर. दादा वाट बघत बसला होता, वाढपी बाईला वाटलं त्याला भूक नाही. प्राजू मात्र त्याला चिकटूनच होती. "मामा, विमानात भीती वाटली?" "मामा, पोट ठीक आहे?"

"कायच झालं नाय!" दादाने पुन्हा जाहीर केलं. "इवलुसं सुद्दा नाय!"

ताईच्या हातातली पळी तिथेच थांबली.

"झालं न्हाई ना काही?" ती म्हणाली. "आभाळात काही होत न्हाई तुला. मग बहिणीकडं यायच्या रस्त्यावरच कसं रे होतं? पस्तीस मिनिटांत आलास. तीस वर्षांत पस्तीस मिनिटं मिळाली न्हाईत."

मी मधे पडले, विमान सरळ जातं, रस्ता वळतो, कानातल्या पाण्याचा तोल जातो, असं काहीबाही शिकवू लागले. ताई म्हणाली, "तू गप. तू त्याचीच बाजू घेणार." आणि भात वाढला. दादाने पहिल्यांदाच भात पानात टाकला.

लग्न छान झालं. माईकवरून आरोळी आली आणि दादा प्राजूचा हात धरून मांडवात आला. रेघा पडलेला नवा शर्ट, डोक्यावर भगवा फेटा त्याच्या कानांवर घसरलेला. अंतरपाट धरला तेव्हा तो प्राजूच्या मागे इतका ताठ उभा होता की अक्षता टाकायच्याच विसरला. सगळं संपल्यावर मुठीतल्या मुठीत तांदूळ तसेच. मग एकटाच मांडवात उभा राहून त्याने ते टाकले. मी हसले, आणि मला रडूही आलं. ताई पाहुण्यांच्या पानांत बघत होती.

परत

दुसऱ्या दिवशी निरोप आला, आमचं परतीचं विमान रद्द. पुढचं चार दिवसांनी, तेही नक्की नाही. तेवढ्यात वहिनीचा फोन. म्हशीने आमचं वेळापत्रक मानायचं नाकारलं होतं, लक्षणं आजउद्याची होती आणि वहिनी एकटी घाबरली होती.

दादा ओट्यावर बसला. म्हणाला, "घाटानं जातो."

"तुला लागतो ना घाट?" ताई आतून म्हणाली.

"लागू दे."

नव्या जावयाने गाडी आणली. आम्ही बसलो, आणि बघतो तर ताई चपला घालून बाहेर आली. "मीही येते," ती म्हणाली. "बघते तरी, खरं किती नि खोटं किती." आणि मागे दादाच्या शेजारी येऊन बसली.

पसरणी घाटाच्या दुसऱ्याच वळणावर दादाने पुरावा सादर केला. विमानातली ती समजूतदार पिशवी पहिली कामी आली. चौथ्या वळणावर दुसरा पुरावा, सातव्यावर तिसरा. पाचगणीला आम्ही थांबलो तेव्हा दादा रस्त्याकडेच्या दगडावर बसला होता, रंग कोवळ्या कैरीचा. ताई त्याच्यासमोर उभी होती. मग तिने पदर कमरेला खोचला, पाण्याची बाटली घेतली, एका हाताने त्याचं कपाळ धरलं आणि दुसऱ्या हाताने तोंड धुतलं.

"असं होतं तुला?" तिने विचारलं.

"ह्ये तर काय नाय," दादा म्हणाला. "आंबेनळी ऱ्हायलाय."

महाबळेश्वर मागे टाकून आंबेनळी उतरायला लागलो. ताई एका हाताने त्याचं कपाळ धरून बसली होती आणि दुसऱ्या हाताने लिंबू. जावयाला सांगत होती, हळू घे, अजून हळू. शेवटी आमच्या मागून निघालेली दुधाची गाडी पुढे गेली. निम्मा घाट उतरल्यावर एका रुंद वळणावर एक टपरी आहे. पत्र्याचं छप्पर, बाहेर पाण्याचं पिंप, दोन बाकडी. दादाने खूण केली, थांबवा. दार उघडून तो सरळ पिंपाच्या मागे गेला, जागा पाठ असल्यासारखा.

टपरीवाल्या बाई चहा गाळत होत्या. त्यांनी मान वर केली.

"अगो बाय! भाऊबीजवाले काका?" त्या म्हणाल्या. "आता कुठनं? आनि वरनं कसं काय आलात?"

"कोण भाऊबीजवाले?" ताईने विचारलं.

"ह्येच की." बाईंनी गाळणी झटकली. "मी लगीन होऊन हितं आले तवापासून बघतंय. दर भाऊबीजंला सकालच्या वाईच्या गाडीनं येतात. हितपर आले की संपले. गाडी थांबवतात, पिशवी कंडक्टरकडं देतात, म्हंतात, बहिनीला दे. मग पिंपामागं जातात, नि खाली जानारी गाडी येईस्तो त्या बाकड्यावर पडून ऱ्हातात. एका वर्साला तीन वलनं पुडं गेलं व्हतं. चालत परत आलं, तोंड बघवत नव्हतं. मी म्हनते, काका, नाय झेपत तर खालीच देत जावा की पिशवी. तर म्हंतात, नाय गो, पुडल्या वर्साला जमंल."

पिंपामागून दादाच्या चूळ भरण्याचा आवाज येत होता.

"एकदा भाऊबीज नसतानाबी आलं व्हतं," बाई म्हणाल्या. "लय वर्सं झाली. पिशवी नव्हती. दोन गाड्या चढले, दोनदा उतरले. त्या दिशी चहा सुद्दा घेतला नाय. नुसतं रडत व्हतं. कोन गेलं व्हतं त्यांचं, मी इचारलं नाय."

ताई बाकड्यावर बसली.

मीही बसले. मला माझी चकली आठवत होती. दुपार कललेली, कडू तोंडाने आलेला दादा, बाजूला सारलेला अनारसा, "थोडा ताकभात दे गो." अर्ध्या घाटातून ओकून, उलटा उतरून, आंघोळ करून तो दुसऱ्या बहिणीची भाऊबीज करायला यायचा, आणि मी त्याला फराळाची नावड असल्याचा आरोप मनात धरून बसले होते. तीस वर्षं भूगोल शिकवला मी, आणि माझ्या भावाचा रस्ता मला माहीत नव्हता.

दादा शर्टाला हात पुसत आला. आमचे चेहरे पाहिले, टपरीवाल्या बाईंकडे पाहिलं, आणि चोरी सापडल्यासारखा उभा राहिला.

"मेल्या, सांगितलं का न्हाईस?" ताई ओरडली. इतकी मोठ्याने की झाडावरची माकडं हलली.

"काय सांगू?" दादा म्हणाला. "तुजा नवरा गेला, नि मी अर्ध्या वाटंत ओकून माघारी गेलो, असं सांगू?"

"हां! तसंच सांगायचं!"

"लाज वाटत व्हती गो."

ताईने त्याला पाठीत एक धपाटा घातला. मग त्याच हाताने जवळ ओढलं आणि रडायला लागली, तोही रडायला लागला, आणि जावईबापू बिचारे लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सासूचं हे रूप पाहून गाडीचा आरसा पुसत राहिले. टपरीवाल्या बाईंनी न विचारता पाच चहा केले, पाचवा स्वतःला.

त्या दिवशी ताई खाली आली, बारा वर्षांनी माहेरी. म्हैस संध्याकाळी व्यायली, रेडी झाली. दादाने तिचं नाव ठेवलं विमल. विमान ठेवणार होता, वहिनीने नको म्हटलं.

वळण

यंदाच्या भाऊबीजेला ताईने फर्मान काढलं. त्याने वर यायचं नाही आणि तिने खाली उतरायचं नाही. मी दादाबरोबर सकाळच्या वाईच्या गाडीत बसले, त्याच्या शेजारी, मांडीवर पिशव्या घेऊन. घरापासून टपरीच्या त्या वळणापर्यंत किती वेळ लागतो ते या वेळी घड्याळात पाहिलं. चाळीस मिनिटं. विमानाच्या जाहीर वेळेपेक्षा पाच जास्त.

गाडी थांबली. दादा उतरला तो नेहमीप्रमाणे आधी पिंपामागे गेला. टपरीपुढे पाट मांडला होता, भोवती रांगोळी, आणि ताई पदराचा आडोसा करून निरांजन वाऱ्यापासून वाचवत उभी होती. करंज्यांचा डबा टपरीवाल्या बाईंनी माकडांच्या भीतीने पोटाशी धरला होता.

कंडक्टर दारात आला आणि दर वर्षीच्या सवयीने हात पुढे केला.

"द्या काका पिशवी. उशीर होतोय."

दादाने तोंड पुसलं. साडी आणि पोह्यांची पिशवी माझ्या हातातून घेतली आणि छातीशी धरली.

"आज नाय," तो म्हणाला. "आज मीच पोचलोय."

कंडक्टरने टपरीकडे बघितलं, हात मागे घेतला आणि घंटी ओढली. गाडी वर निघून गेली.